भाकरीशिवायचा थंड डबा

ज्यांना बसमध्ये शेजारच्याच्या रील्समुळे काही ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा नेटपॅक संपलाय, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. रेकॉर्डिंगमध्ये मी तीनदा ठसकलो, दोनदा आईनं दार उघडून हाक मारली, तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच, थोडं सरळ करून.

विषय दुपारच्या डब्याचा आहे. कमी कार्बचा डबा, आणि तोही थंड खायचा. ऑफिसात बसून काम करणाऱ्यांना मायक्रोवेव्ह असतो. आपल्यासारख्यांचं काय? डिलिव्हरीवाले, सर्व्हे करणारे, टॉवर नाहीतर लिफ्ट दुरुस्त करणारे, ओला-उबरवाले आणि माझ्यासारखे एमआर. आपला डबा बाइकला लटकतो आणि दुपारी अडीचला कुठल्यातरी ओट्यावर उघडतो.

आधी माझं सांगतो. माझं हेडक्वार्टर सोलापूर. एक दिवस पंढरपूर लाइन, एक दिवस बार्शी, एक दिवस अक्कलकोट, असा आठवडा जातो. बॅगेत जी औषधं असतात त्यात निम्मी शुगरची. म्हणजे दिवसभर मी डॉक्टरांना सांगत फिरतो की सर, आपली गोळी शुगर कशी छान कंट्रोल करते. दीड वर्षापूर्वी एका डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये आमच्या कंपनीचा एचबीएवनसी कॅम्प होता. पेशंट संपले, दोन टेस्ट उरल्या. गंमत म्हणून मी बोट पुढं केलं. आकडा आला ६.२.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी सांगते. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, ६.५ आणि पुढं डायबेटिस. माझं वय तेव्हा एकोणतीस. डॉक्टरांनी आकडा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "काय रे, दुपारी काय खातोस?"

मी म्हणालो, "सर, वेळ मिळेल तसं."

वेळ मिळेल तसं म्हणजे दोन वडापाव. एका वडापावात ढोबळ मानानं ३५ ते ४० ग्रॅम कार्ब: पावाचा मैदा, आतला बटाटा, वरचं बेसन. त्यात सकाळपासून पाच चहा. चहात दोन चमचे साखर, म्हणजे दर कपाला आठ-दहा ग्रॅम. दुपारी अडीचपर्यंत माझे सव्वाशेच्या आसपास ग्रॅम कार्ब झालेले असायचे. आता हे बघा, दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली राहिलं तर त्याला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. माझा अख्ख्या दिवसाचा कोटा अडीचलाच संपत होता. घरचं जेवण अजून बाकीच.

हे एकट्या माझं नाही. आयसीएमआरचा इंडियाब नावाचा देशभराचा मोठा अभ्यास २०२३ साली छापून आला. त्यात भारतात डायबेटिस असलेले १० कोटींच्या वर आणि प्रीडायबेटिसवाले सुमारे साडेतेरा कोटी असा अंदाज होता. हा आकडा मी स्वतः स्लाइडवर दाखवत फिरायचो. त्यात आपणही एक असू, असं डोक्यातच आलं नव्हतं.

यायला हवं होतं खरं तर. आमचे आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. बावन्नाव्या वर्षी डोळ्यांच्या पडद्यावर शुगरचा परिणाम दिसला आणि स्टिअरिंग सुटलं. रिटायर होईपर्यंतची वर्षं त्यांनी डेपोत बसून काढली. घरी कधी तक्रार केली नाही, पण रस्त्यावरून लाल गाडी गेली की मान वळवून बघायचे. अजून बघतात. तो ६.२ आकडा आला तेव्हा मला ती मान आठवली.

तर ठरवलं, डबा न्यायचा. आणि पहिले तीन प्रयोग सपशेल आपटले.

पहिला प्रयोग, नेहमीचीच पोळी-भाजी पण पोळ्या चारच्या दोन. दुपारी पोळी चामड्यासारखी, भाजी गार, आणि चार वाजता अशी भूक लागली की चहाबरोबर खारीचा पुडा संपवला. दुसरा प्रयोग, सॅलड. युट्यूबवर बघून काकडी, टोमॅटो, कांदा, वर मीठ-लिंबू. दुपारी डबा उघडला तर सगळं पोहतंय, शिवाय बॅगेतल्या सॅम्पल्सना पाणी लागलेलं. तिसरा प्रयोग, तुपातली पनीर भुर्जी. डिसेंबर होता. वर पांढरा थर धरला होता आणि घास घेतला की टाळूला मेण लावल्यासारखं वाटत होतं.

या तिन्ही वेळी चूक एकच होती, ती मला उशिरा कळली. मी गरम जेवण गार करून नेत होतो. गार खायचा डबा मुळापासून गार म्हणूनच बनवावा लागतो. त्याचं गणित वेगळं आहे, ते जरा सांगतो, कारण एकदा ते कळलं की रेसिपी तुमच्या तुम्हीच काढाल.

भाकरी, पोळी, भात गरम असताना मऊ का असतात? त्यातलं पिष्ट, म्हणजे स्टार्च, शिजताना पाणी पिऊन फुगतं. गार झालं की त्या स्टार्चच्या साखळ्या परत एकमेकींना चिकटायला लागतात, घट्ट होतात. म्हणून शिळी पोळी चिवट, शिळा भात टणक, गार बटाटा पिठूळ. गरम केलं की पुन्हा बरंचसं मऊ होतं, म्हणून आई फोडणीचा भात करते, फोडणीची पोळी करते. म्हणजे गार डब्यात आपल्याला जे नकोसं होतं ते बहुतेक पिष्टामुळं. आणि कमी कार्बच्या डब्यात काढायचं काय असतं? पिष्टच. त्यामुळं कमी कार्ब आणि थंड या दोन अडचणी एकमेकींना सोडवतात. अंडं, पनीर, शेंगदाणा, काकडी, भरीत, चक्का यांना गार झाल्यानं फारसं काही होत नाही.

(इथं एक जण कमेंट करणारच, म्हणून आधीच सांगतो: गार झालेल्या भाताचं काही पिष्ट पचायला अवघड होतं आणि त्यानं शुगर थोडी कमी चढते, हे खरं आहे. पण थोडीच. शिळा भात मनसोक्त खायचं लायसन नाही ते.)

पिष्ट गेलं की तीन नवीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

एक, चरबी. तूप, डालडा, मटणाची चरबी गार झाली की थिजते. खोबरेल तेलसुद्धा साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. शेंगदाणा तेल, करडई तेल पातळच राहतं. आपल्या सोलापूरकडं करडईचं तेल पूर्वी घरोघरी असायचं, आजी भाकरीवरच ओतून घ्यायची. थंड डब्याला ते एकदम झकास. नॉनव्हेजवाल्यांनी सुकं चिकन न्यावं, मटण रात्री घरी गरम गरम खावं.

दोन, पाणी. काकडीत ९५ टक्के पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते बाहेर येतं. तेव्हा मीठ चिरलेल्या भाजीला लावायचंच नाही. वेगळ्या पुडीत न्या किंवा खाताना वरून चटणी घाला. मी तर काकडी अख्खीच नेतो आणि तिथं दातानं तोडतो. रस्त्यावर कोण बघतंय?

तीन, चव. थंड पदार्थाची चव जिभेला कमी कळते. गोड तर स्पष्टच कमी लागतं. वितळलेलं आइस्क्रीम चाखून बघा, अति गोड लागेल. वासही कमी सुटतो. त्यामुळं घरी गरम असताना बरोबर वाटलेली भाजी दुपारी मिळमिळीत लागते. उपाय सोपा आहे. लिंबू, ठेचा, जिरेपूड, चटणी यांचा हात जरा सैल सोडायचा.

आता चवीपेक्षा मोठा मुद्दा. ऊन. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४०-४२ ला जातो आणि बाइकचा टॉप बॉक्स उन्हात राहिला तर आत त्याहून गरम. जंतूंना सगळ्यात मानवतं ते ५ ते ६० अंशांमधलं तापमान. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असा नियम आहे आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे सकाळी आठला भरलेला अंड्याचा डबा दुपारी दोनला खायचा असेल तर तो पूर्ण वेळ खरोखर थंड असला पाहिजे. 'गार' आणि 'थंड' यात फरक आहे. गार म्हणजे गरम नाही. थंड म्हणजे फ्रिजमधून काढल्यासारखं. आपल्याला थंड पाहिजे.

आपल्या आज्या-पणज्यांची शिदोरी बर्फाशिवाय टिकायची, हे मलाही माहीत आहे. पण त्यात काय असायचं बघा. कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा, कांदा. एक तर कोरडं, नाहीतर मीठ-तिखटाचं. पाणी कमी, म्हणून जंतूंची डाळ शिजत नाही. अंडं आणि पनीर त्या यादीत बसत नाहीत. म्हणून थंडी आपल्याला सोबत घेऊन जावी लागते.

माझी पद्धत अशी. ताक करायचं, मीठ-जिरं घालायचं, अर्ध्या लिटरच्या बाटलीत भरायचं आणि रात्री फ्रीझरमध्ये टाकायचं. बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना फुगते, दोन-तीन बोटं जागा सोडा. सकाळी ती दगड झालेली बाटली थर्मल बॅगेत डब्याला चिकटवून ठेवायची. दुपारपर्यंत ती डबा थंड ठेवते आणि स्वतः वितळून प्यायला तयार होते. ताक फाटल्यासारखं दिसेल, चांगलं हलवा, चवीला काही होत नाही. बर्फाचा खर्च नाही, वजन वाया नाही. मे महिन्यात एक पाण्याची बाटलीसुद्धा गोठवून दुसऱ्या बाजूला लावतो, म्हणजे डबा दोघींच्या मध्ये.

थर्मासचीही एक युक्ती आहे. चहाचा रुंद तोंडाचा थर्मास थंडही तितकंच धरून ठेवतो, हे आपण विसरतो. रात्री झाकण काढून तो फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी त्यात थंड चक्का नाहीतर भरीत भरा.

आणि अन्न रात्री शिजवा. सकाळी गडबडीत गरम भाजी डब्यात कोंबून झाकण लावलं की आत वाफेचं पाणी होतं आणि ते कोमटच राहतं, म्हणजे जंतूंना अगदी हवं तसं. रात्री शिजवून पसरट ताटलीत काढायचं, निवलं की लगेच फ्रिजमध्ये, सकाळी फ्रिजमधून थेट बॅगेत. वाटेत बॅग सावलीत. एकदा एका मेडिकलवाल्या काकांनी प्रेमानं सांगितलं, "साहेब, द्या की तो डबा, फ्रिजमध्ये ठेवतो." मी हात जोडले. त्या फ्रिजमध्ये इन्सुलिन आणि लसी असतात, तिथं माणसाचं जेवण ठेवायचं नसतं. तुम्हालाही कोणी म्हटलं तर नको म्हणा.

डब्यात काय, हे सांगायच्या आधी एक गोष्ट. रेकॉर्डिंग करताना इथं माझा आवाज बदललाय, असं एडिट करताना लक्षात आलं.

सुरुवातीला मी रोज डब्याचा फोटो स्टेटसला टाकायचो. आमच्या ग्रुपमधले एक सिनियर आहेत, पन्नाशीचे, मी त्यांना दादा म्हणतो. त्यांना शुगर आहे, सकाळी ग्लिमेपिराइड घेतात. माझे फोटो बघून त्यांनी एक दिवस भाकरी बंद केली. कोणाला विचारलं नाही, मलाही नाही. सकाळी गोळी घेतली, डब्यात दोन अंडी आणि काकडी घेतली, निघाले. मोहोळच्या अलीकडं हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोळ्यांपुढं धूसर. त्यांना वाटलं ऊन लागलं. नशीब चांगलं म्हणून गाडी बाजूला घेतली आणि मला फोन केला. बोलणं तुटक येत होतं. मी विचारलं, "दादा, आसपास काय आहे?" म्हणाले, "रसवंती." मी म्हणालो, "आधी एक ग्लास रस प्या, मग बोलू. फोन चालू ठेवा." पंधरा-वीस मिनिटांनी ते नीट बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्या आणि इन्सुलिन हे शुगर खाली आणतातच, तुम्ही जेवला असाल किंवा नसाल. तुम्ही कार्ब एकदम कमी केले आणि गोळी तेवढीच ठेवली तर शुगर नको इतकी खाली जाते. आणि ती टू-व्हीलरवर हायवेला जाते. दुसरा गट 'ग्लिफ्लोझिन'वाल्या गोळ्यांचा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. त्या चालू असताना कार्ब फारच तोडले तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि फसवं म्हणजे शुगरचा आकडा फार वाढलेला दिसेलच असं नाही. मी या गोळ्या विकतो. हे सगळं मला पाठ आहे. आणि स्टेटस टाकताना मी त्यातलं एक अक्षर लिहिलं नव्हतं.

म्हणून तुमची कुठलीही शुगरची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना भेटा, काय काय कमी करणार ते सांगा, डोस ठरवून घ्या. किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, तरी तसंच. ज्यांची शुगर खाली जाऊ शकते त्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवा. थरथर, घाम, अचानक भूक, गोंधळल्यासारखं झालं की गाडी थांबवा, तीन चमचे साखर, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटं थांबा. बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच. बरं वाटल्यावर काहीतरी खाल्ल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. आणि माणूस बेशुद्ध होत असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा.

आता डबा.

माझा हुकमी एक्का अंडी. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन आणि कार्ब एक ग्रॅमपेक्षाही कमी. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग लगेच थंड पाण्यात. जास्त उकळलं तर पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडा येते आणि तो वास सुटतो. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह यांचा तो खेळ. कवच काढू नका, खाताना सोला. बऱ्याच जणांना वाटतं उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा जास्त टिकतं. उलटं आहे. उकडताना कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं, त्यामुळं ते लवकर खराब होतं, फ्रिज हवाच. आणि कृपा करून ओपीडीच्या वेटिंगमध्ये सोलू नका. मी एकदा सोललं होतं. कंपाउंडरनं पंखा पाचवर केला आणि मला बाहेर बसवलं.

उकडलेल्याचा कंटाळा आला की पातळ ऑम्लेट. पूर्ण शिजवायचं, आत ओलं ठेवायचं नाही. निवलं की वर शेंगाचटणी पसरायची, पालकाची दोन पानं, आणि गुंडाळी करून तीन तुकडे. हातानं खाता येतं, चमचा लागत नाही. थंड डब्यात हा गुण मोठा आहे, कारण रस्त्यावर हात धुवायला पाणी मिळतं, पण चमचा नेहमी घरीच राहिलेला असतो.

शेंगाचटणीबद्दल सोलापूरकर म्हणून दोन वाक्यं जास्त बोलणार, चालवून घ्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन, जवळजवळ ५० ग्रॅम तेल, आणि कार्ब १६ ग्रॅम, त्यातही निम्मा चोथा म्हणजे फायबर. लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून कुटली, तेल सुटेपर्यंत कुटली, की ती आठवडाभर बाहेर राहते. काकडीवर टाका, पनीरवर टाका, दह्यात कालवा. फक्त विकतची घेताना साखर किंवा डाळं घातलंय का ते बघा. आणि दोन-तीन चमच्यांवर थांबा, कारण तेल भरपूर असल्यानं कॅलरी पटापट चढतात. मी थांबत नव्हतो, पहिल्या महिन्यात वजन दीड किलो वाढलं.

शाकाहारी मंडळींसाठी पनीर. शंभर ग्रॅममध्ये साधारण १८ ग्रॅम प्रोटीन, कार्ब दोन-चार ग्रॅम. तुकडे थोड्या तेलात परतले आणि तसेच फ्रिजमध्ये ठेवले तर सकाळी रबर होतं. परतून लगेच मिठाच्या गरम पाण्यात दहा मिनिटं टाका, निथळा, मग मिरपूड, लिंबू, कोथिंबीर. मऊ राहतं.

वांग्याचं भरीत हा आपल्याकडचा एक असा पदार्थ, जो गार खाल्ला तरी कोणी नाक मुरडत नाही. दही घातलेलं तर थंडच छान. कच्चा कांदा मात्र आधी घालू नका, दुपारपर्यंत वास बदलतो. कारल्याच्या कुरकुरीत काचऱ्या, कोरडी गवार, तोंडली, कोबीची पचडी हेही चालतं. पचडीला फोडणी गार करून घाला, मीठ मात्र खाताना.

मोड आलेले मूग चालतील, पण उन्हाळ्यात कच्चे नेऊ नका. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही लागते. वाफवून घ्या. हरभरा, राजमा, छोले यांत प्रोटीन आहे तसे कार्बही आहेत: शिजलेल्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला २७ ग्रॅमच्या आसपास. तेव्हा अर्धी वाटी ठीक, डबाभर उसळ नको. आणि ओल्या नारळाची चटणी प्रवासात अजिबात नको. तिच्याइतकी पटकन उतरणारी गोष्ट मी दुसरी पाहिली नाही.

ज्या दिवशी ताक गोठवायचं राहिलं त्या दिवशी अंडी-पनीर घरीच. अख्खी काकडी, गाजर, भाजलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, जवसाची नाहीतर कारळाची चटणी. पोट पूर्ण भरत नाही, पण वडापावच्या गाडीपुढून तोंड फिरवून जाता येतं.

एका दिवसाचा हिशोब सांगतो. तीन अंडी, एक काकडी, वाटीभर भरीत, दोन चमचे चटणी, ग्लासभर ताक. कार्ब २५ ते ३० ग्रॅम, प्रोटीनही जवळपास तेवढंच. दोन ज्वारीच्या भाकऱ्या घेतल्या असत्या तर नुसत्या भाकऱ्यांचेच ८०-९० ग्रॅम झाले असते.

आणि इथंच घरात भांडण झालं. आई म्हणाली, "अरे, भाकरी नाही तर त्याला डबा कशाला म्हणायचं? माणूस काय काकडीवर राहतोय का?" चार दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिनं तीस वर्षं आप्पांच्या डब्यात पहाटे चारला उठून भाकरी दिली होती. मी भाकरी नको म्हणतोय म्हणजे त्या तीस वर्षांना नावं ठेवतोय, असं तिला वाटलं असणार. मी तिला आकडे सांगायचा प्रयत्न केला, ते अगदीच चुकलं. शेवटी आप्पाच बोलले. "घेऊ दे त्याला त्याच्या पद्धतीनं. मला कोणी सांगितलं असतं तर मी पण घेतलं असतं."

पाचव्या दिवशी डब्यात वरच्या कप्प्यात कडक भाकरीचा एक चतकोर होता. कडक भाकरी, म्हणजे आपली पापडासारखी वाळलेली, जी महिनाभर टिकते आणि गार झाली काय, न झाली काय, तिला फरकच पडत नाही. चतकोरात दहा ग्रॅमच्या आसपास कार्ब. बसतात माझ्या हिशोबात. तेव्हापासून तो चतकोर रोज असतो. मी काढायला सांगितलं नाही, तिनं वाढवला नाही.

सहा महिन्यांनी टेस्ट केली, ५.८ आली. म्हणजे अजून प्रीडायबेटिसच, पण वरून खाली आलो. चहा बिनसाखरेचा केला आणि संध्याकाळी अर्धा तास चालायला लागलो, त्याचाही वाटा असणार, सगळं श्रेय डब्याला देत नाही. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं आणि पोट साफ होत नव्हतं. पाणी वाढवलं, ताकात मीठ घातलं, पालेभाजी वाढवली, मग लायनीवर आलं. रात्री घरी मी एक भाकरी, वरण, भाजी असं जेवतो. पार्टीत बिर्याणीही खातो. ज्यांना कडक कीटो करायचंय त्यांनी माझं ऐकून करू नका, ते डॉक्टरांच्या देखरेखीत करायचं काम आहे.

मागच्या एपिसोडवर पंढरपूरच्या एका श्रोतीनं विचारलं होतं, एकादशीला काय न्यायचं? साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, आणि गार साबुदाण्याची खिचडी तर दगडच होते, ते तुम्हाला आता का ते माहीत आहे. तुमच्या घरी काय चालतं त्यावर आहे, पण आमच्याकडं शेंगदाणे, काकडी, दही, पनीर, सुकं खोबरं चालतं. काकडीत ऐनवेळी दाण्याचा कूट, हिरवी मिरची, लिंबू. कूट काकडीचं सुटलेलं पाणी पिऊन घेतो, डबा गळत नाही.

उद्या अक्कलकोट लाइन आहे. अंडी उकडून झाली, भरीत ताटलीत निवतंय. ताक अजून बाटलीत भरायचं राहिलंय. साडेदहा वाजले, उठतो.